विराला माझा म्हणू नये

आपल्या गावात किल्ला आहे हे तारापूरच्या लोकांना चौसष्ट सालापर्यंत फारसं आठवत नव्हतं. तसा तो होता डोळ्यांसमोरच. पण त्याच्या तटाचे चिरे कोणाच्या विहिरीला लागलेले, कोणाच्या ओट्याला, आणि उरलेल्या भिंतीच्या आडोशाला लोक सकाळी टमरेल घेऊन जात. मग समुद्राकाठी अणूचा कारखाना येणार म्हणून बोईसर स्टेशनापासून रस्ता रुंद व्हायला लागला. त्याचा एक फाटा किल्ल्याच्या ढासळलेल्या बुरुजावरून जातो असं कळलं, आणि गावाला एकाएकी इतिहासाचा पुळका आला. चुरी गुरुजी चार वजनदार माणसं घेऊन इंजिनियरला भेटले. "मराठ्यांनी रक्त सांडून फिरंग्यांकडून घेतलेला किल्ला आहे हा. याचा एक दगड हलू देणार नाही," असं त्यांनी ठणकावलं. गुरुजींच्या स्वतःच्या ओट्याची पायरी किल्ल्याचीच होती, पण ते असो. इंजिनियर भला माणूस. त्यानं रस्ता वाकवला.

वाकलेला रस्ता जिथून जाणार होता तिथं एक जुनी चिंच होती, आणि चिंचेखाली बुधाच्या पाड्यातल्या विरांची रांग होती. गुरुजींच्या हे गावी नव्हतं. इंजिनियरला तर कोणी सांगितलंच नव्हतं.

बुधा वारली जमातीचा. किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर त्याचा पाडा, पाच-सहा झोपड्यांचा. पावसावर पिकणारं भाताचं एक तुकडं, आणि उरलेले महिने वाडीवाल्यांकडे झाडं शिंपायचं काम. पाड्यात कोणी गेलं की त्याच्या नावाचा दगड चिंचेखाली उभा करायचा, त्याला वीर म्हणायचं. दगडावर घोड्यावर बसलेला माणूस, वर चंद्र आणि सूर्य. दगड उभा केल्याशिवाय मेलेल्याला जागा मिळत नाही, तो दारोदार फिरत राहतो. आणि दगड नुसता पुरून भागत नाही. भगत येतो, रांगेतल्या पहिल्या विरापासून एकेकाचं नाव गाण्यातून घेत, एकेकाला तांदूळ आणि ताडी दाखवत शेवटच्या विरापाशी पोचतो. मग नव्या विराला त्याच्या गुडघ्याशी बसवतो. "हा तुझ्या पोटचा, याला सरकून जागा दे," असं त्याला सांगतो. मेलेला माणूस असा आपल्या माणसांत बसला की घरचे रडणं थांबवतात.

रांगेतले पहिले दगड इतके झिजले होते की त्यांच्यावरचा घोडा शेळीसारखा दिसे. किल्ल्याला वेढा पडला तेव्हा तटाखाली सुरुंगासाठी माती उपसताना जे गाडले गेले, त्यांचे ते दगड, असं पाड्यात सांगत. चुरी गुरुजी दरवर्षी शाळेत वेढ्याची गोष्ट सांगताना "ते अनाम वीर" म्हणून गळा दाटून आणत. गोमा भगताला त्या अनाम विरांची नावं पाठ होती. पण भगताला शाळेत कोण बोलावतो!

या रांगेत आता बुधाच्या पोराला, चिंतूला, बसवायचं होतं. चिंतू वैशाखात गेला. पाम गावाजवळच्या खाणीत रस्त्याची खडी काढायला जायचा. सुरुंग उडाला तेव्हा तो बाजूला व्हायचा होता, झाला नाही. त्याला खांद्यावर घालून पाड्यापर्यंत आणणारा माणूस म्हणजे रस्त्याचा देखरेख्या खंडेराव. हा घाटावरचा, नगरकडचा. पोराला ओटीवर ठेवून तो गडी बुधाच्या पायाशी बसून रडला होता. त्या दिवसापासून खाण बंद पडली. चिंतूच्या मागं राहिली बायको सोमी, आणि तिच्या पोटात नुकतं राहिलेलं मूल.

बुधा बापडा कसाबसा सावरला, त्याची बायको मंगळी नाही सावरली. रोज सकाळी उठली की नवऱ्याला सांगायची, "आज बी दारात उभा होता."

"काय बोलला?"

"आत ये बोलले तर येत नाय. कुठं बसू, बोलतो. जागा नाय, बोलतो."

रोज संध्याकाळी ती मूठभर भात पानावर घालून उंबऱ्याबाहेर ठेवी. तो कावळे आणि कुत्री खात. तिच्या अंगावरचं मांस झडत चाललं होतं आणि बुधाला ते बघवत नव्हतं. भातकापणी झाली की घरात दाणा येईल, मग सोयऱ्यांना जेवण घालता येईल, मग वीर बसवू, असं तो तिला सांगत राहिला. पावसाळा संपता संपता त्यानं पाथरवटाकडून दगड घडवून आणला. पाथरवटानं घोडा झोकात काढला होता, पुढचा एक पाय उचललेला. तो दगड बुधानं झोपडीच्या पडवीत पेंढ्यात निजवून ठेवला. तिघांचे डोळे कापणीकडे लागले.

कापणी चालू असतानाच खंडेराव चिंचेखाली आला. खाण अजून उघडली नव्हती, खडी मिळत नव्हती, आणि वरून तगादा होता. मुकादमाला वाटेत येईल तो दगड हवा होता. खंडेरावानं ती शेंदूर माखलेली रांग बघितली आणि शेतातून बुधाला हाक मारली.

"बाबा, ही दगडं कुनाची हायती?"

बुधा विळा हातात घेऊन उभा राहिला.

"न्हाई, नीट सांगा. आमच्या गावात बी मारुतीच्या देवळामागं असली दगडं हायती, म्हनून इचारतोय. कुनाची असली तर मी रस्ता पल्याडनं काढतो. मुकादमाचं मी बघून घेतो."

आता इथं बुधानं एक शब्द बोलायचा होता, फक्त एक शब्द. आमचे. पण तोच शब्द पाड्यात कोणी कधी बोललेला नव्हता. विराला माझा म्हणू नये. म्हटलं की वीर म्हणतो, मी तुझा तर तूही माझा, आणि म्हणणाऱ्याच्या छपराखालचं एक माणूस घेऊन जातो. ही काही नुसती सांगोवांगी नव्हती. बुधाच्या आज्याचा भाऊ जिवल्या एकदा बांधाच्या भांडणात ताडी पिऊन रांगेवर गेला, एका विराच्या डोक्यावर हात ठेवून ओरडला, "हा माझा, म्हणून ही जमीन माझी!" पुढची अमावस्या यायच्या आत जिवल्याच्या पोराला जनावर डसलं. तेव्हापासून पाड्यातल्या पोरांना चालायच्या आधी हे शिकवत.

बुधाच्या छपराखाली सोमी होती, आणि सोमीच्या पोटात चिंतूचं उरलंसुरलं होतं.

"कोणाचे नाय, सायेब," बुधा म्हणाला.

"तुमच्या पाड्याची असतील की."

"नाय."

"अवो, बघा बरं. एकदा उचलली की उचलली. कुनाचीच न्हाईत?"

"कोणाचीच नाय."

बुधाला धास्ती वाटली नाही. ज्याच्या मारुतीमागं असेच वीर आहेत त्या माणसाला इतकं कळत असणारच की असं तोंडानं सांगायचं नसतं. विचारणारा विचारतो, सांगणारा नाही म्हणतो, आणि दोघंही हात जोडून मागं सरतात, अशीच रीत असते, असं त्याला वाटलं. खंडेरावाच्या मुलखात रीत नेमकी उलटी. तिथं वीरगळ आमच्या घराण्याचा म्हणून मिशीला पीळ देतात, त्यावरून डोकी फोडतात. तिथं एखादा दगड कोणाचा नाही म्हणजे खरोखरच कोणाचा नाही. दोन भली माणसं समोरासमोर उभी होती, आणि दोघांनाही वाटलं की आपलं बोलणं समोरच्याला पोचलं.

तरी खंडेराव चांगला म्हणून त्यानं जाता जाता चुरी गुरुजींनाही विचारलं. गुरुजी म्हणाले, "ते? ते असेच कुठले तरी दगड. इतिहासात त्यांची नोंद नाही." ज्याला विचारायचं त्याला विचारलं, असं खंडेरावाला वाटलं, आणि दुसऱ्या कामासाठी तो पालघरला गेला.

कापणी झाली. भात झोडून झाला. बुधा सोयऱ्यांना निरोप द्यायला आणि गोमा भगताला आणायला डोंगराकडे, मनोरच्या पल्याड गेला. पाड्यापाड्यांवर त्याला थांबवून घेतलं, ताडी पाजली, चिंतूची आठवण काढली. कितीतरी दिवसांनी त्याच्या जिवाला बरं वाटत होतं. आता घरी जायचं, पोराला बसवायचं, मग मंगळी दोन घास सुखानं खाईल, असं घोकत तो गोमाबरोबर परतीची वाट चालत होता.

चिंच लांबूनच दिसायची, ती दिसली नाही.

जवळ गेल्यावर दिसला तो तांबड्या मातीचा भराव. कडेला खडीचे ढीग होते आणि ढिगांपाशी बायका हातोडीनं दगड फोडत होत्या. रांग होती तिथं एका ओळीत खड्डे होते, काही बुजलेले, काही अजून ओले. त्या खड्ड्यांच्या कडेला मंगळी मांडी घालून बसली होती. तिच्या ओटीत दगडाचा एक तुकडा होता, त्यावर घोड्याचे दोन पाय.

बुधानं बायकोला विचारलं, "तू व्हती इथं?"

"व्हते."

"बोलली नाय काय?"

"धावत आले. नका हात लावू, ओरडले. मुकादम बोलला, का? तुझे हायेत का?" मंगळीनं पदराचं टोक नवऱ्याला दाखवलं, चावून चावून त्याची दशी झाली होती. "तोंडात पदर कोंबला. सोमी बाजूलाच उभी व्हती."

बुधा तिला पुढं काय म्हणून विचारणार? आपण विळा हातात घेऊन जे केलं तेच तिनं पदर तोंडात कोंबून केलं होतं. त्याला तिची इतकी दया आली, की तिथंच तिच्या शेजारी बसून तो लहान पोरासारखा रडला.

खंडेराव पालघरहून आला आणि ऐकून धावतच पाड्यावर आला. "मी तीनदा इचारलं की हो बाबा! तीनदा!"

"सांगता येत नाय, सायेब."

"का न्हाई? तोंड न्हवतं का तुमाला?"

मग बुधानं त्याला जिवल्याची गोष्ट सांगितली. ऐकताना खंडेरावाचा राग उतरला आणि चेहरा काळवंडला. त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मला काय ठावं," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. शेवटी म्हणाला, "रस्त्याच्या कडंला मी चांगला सिमेंटचा चौथरा बांधून देतो. चिंतूचा दगड त्यावर उभा करा. माज्या हातानं बांधतो."

बुधानं गोमाकडे बघितलं. गोमा म्हातारा, त्याच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडात राग. "चौथऱ्यावर एकला उभा करून काय करू त्याचा? कोणाच्या गुडघ्याशी बसवू? जागा दे, असा कोणाला सांगू? ज्यांना सांगाचा ते ह्यांच्या खडीत हायेत." इतकं बोलून त्यानं आपली काठी उचलली आणि आल्या वाटेनं डोंगराकडे चालू लागला. जेवायलाही थांबला नाही. शिजवून ठेवलेला भात तसाच राहिला.

त्या दिवसापासून चिंतू मंगळीच्या दारात येईनासा झाला.

"आता दारात बी नाय," ती सकाळी सांगायची. आधी तो दिसतो म्हणून रडायची, आता दिसत नाही म्हणून रडायला लागली. बुधाला वाटायचं, निदान जागा शोधत फिरत तरी होता. आता कुठं गेलं असेल पोर?

मार्गशीर्षात सोमीचा भाऊ तिला बाळंतपणाला न्यायला आला. सोमी जायला तयार नव्हती. मंगळीनंच तिची बोचकी बांधली, कोंबड्या तिच्याबरोबर दिल्या, घरातलं एकुलतं धड लुगडं दिलं. "तिकडंच ऱ्हा," म्हणाली, "घाई नको करू." सोमी पाड्याबाहेर जाऊन दिसेनाशी झाली तशी ती नवऱ्याकडे वळली.

"आता बोल."

"काय?"

"आता छपराखाली आपण दोघंच हाय. बोल आता. एकाला तर नेतील. मला नेतील. त्यांनी नेला तर चिंतू कुठं हाय ते तरी कळंल."

बुधाला वाटलं, बरोबर आहे हिचं. आता गमवायचं काय राहिलंय?

अमावस्येच्या सकाळी दोघं रस्त्यावर गेली. भराव दाबून झाला होता, खडी पसरली होती, डांबर अजून पडायचं होतं. बुधानं जन्मात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला तेव्हा त्याची जीभ अडखळली. खडीवर तळहात ठेवून तो म्हणाला, "माझा." पुढं सरकून पुन्हा म्हणाला, "माझा." मंगळी त्याच्या मागोमाग वाकून हात ठेवत होती, म्हणत होती, "माझा. हा बी माझा. मला ने." जुनी चिंच होती तिथून बुरुजाच्या वळणापर्यंत ती दोघं अशी गेली. एक ट्रक आला, त्यानं भोंगा वाजवला, ती बाजूला झाली, ट्रक गेल्यावर पुन्हा बसली. बुरुजाला आता तारेचं कुंपण झालं होतं आणि आत कोणी लग्नातल्यासारखे झेंडूचे हार घातले होते.

मग दोघांनी वाट बघितली. मंगळीनं घर सारवून घेतलं, मडकी पालथी घातली. पुढच्या वर्षीचं बियाणं बुधानं शेजाऱ्याला देऊन टाकलं. गवतातून चालताना पाय जपून टाकणं त्यानं सोडलं. जरा अंग कसकसलं की मंगळी आशेनं पडून राही, आणि दुसऱ्या दिवशी अंग थंड लागलं की तिचं तोंड उतरे. आशा अशीही असते, देवानं कोणावर आणू नये.

पुढची अमावस्या आली आणि गेली. सकाळी दोघंही उठली. बाहेर कोंबडं आरवत होतं, कोणाचं तरी.

"आले नाय," मंगळी म्हणाली.

"नाय."

ती बराच वेळ चुलीच्या राखेत काडीनं रेघा काढत बसली. मग मान वर न करता तिनं विचारलं, "मग तवा तरी आले असते काय? सोमी छपराखाली व्हती तवा?"

बुधाच्या मनात सकाळपासून हेच होतं, फक्त कोणी बोलून दाखवलं नव्हतं. मोडले म्हणून आले नाहीत, की कधीच कोणी येत नव्हतं? कधीच येत नव्हतं तर त्या दिवशी विळा हातात घेऊन तो "आमचे" म्हणू शकला असता. रस्ता पल्याडनं गेला असता. चिंतू आज बापजाद्यांच्या गुडघ्याशी बसला असता आणि ही बाई भात जेवली असती. त्यानं छातीवर बुक्की मारून घेतली, एकदा, दोनदा. मंगळीनं त्याचा हात धरला नाही.

दुपारी त्यानं पडवीतला दगड पेंढ्यातून काढला, डोक्यावर घेतला आणि रस्त्याकडे चालू लागला. मंगळी त्याच्या मागून निघाली. कुठं म्हणून तिनं विचारलं नाही. वळणाच्या पुढं खडी फोडणाऱ्या बायका बसल्या होत्या. त्यातल्या भागी नावाच्या बाईसमोर बुधानं दगड उतरवला.

"हा बी फोड."

भागीनं सवयीनं हातोडी उचलली आणि मग तिचं लक्ष कोऱ्या करकरीत घोड्याकडे गेलं, उचललेल्या पायाकडे गेलं. तिचा हात खाली आला. "बाबा, ह्यो तर नवा हाय. कोणाचा?"

"माझा," बुधा म्हणाला. जीभ आता अडखळली नाही. "माझ्या पोराचा. त्याची माणसं ह्या खडीत हायेत. त्याला त्यांच्यात जाऊ दे."

भागी उठून उभी राहिली. "मी नाय फोडाची," म्हणाली, आणि हातोडी खाली टाकून मागं सरली. बाकीच्या बायकांचेही हात थांबले. पलीकडे खंडेराव उभा होता, त्यानं बघितलं, पण तो जवळ आला नाही.

बुधानं खाली बसून हातोडी उचलली. गोमासारखं गाणं त्याला येत नव्हतं. नावं तेवढी ऐकून ऐकून थोडी माहीत होती, तीही पुढची मागची. येतील तेवढी नावं त्यानं घेतली. "याला सरकून जागा द्या," म्हणाला. मग मंगळीला म्हणाला, "तू तिकडं तोंड फिरव."

मंगळी त्याच्यासमोर बसली आणि दगड हलू नये म्हणून तिनं तो दोन्ही हातांनी धरला.